हाफटाइममधला टाइम आउट

आमचे अण्णा सोमवार ते शनिवार सरकारी कचेरीत कारकून असतात आणि रविवारी कबड्डीचे पंच. यातलं खरं काम कोणतं, असं विचारलं तर ते रविवारचं सांगतात. कचेरीत त्यांचं कोणी ऐकत नाही. मैदानावर शिट्टी वाजवली की दांडगी पोरं जागच्या जागी थांबतात, आणि माणसाला एकदा याची सवय लागली की तो घरातही तसाच वागतो. लहानपणी माझं आणि भावाचं भांडण झालं की आई दोघांच्याही पाठीत धपाटा घालायची. अण्णा आधी विचारायचे, "हात पयला कुणाचा लागला?" मग दोघांना समोर उभं करून निकाल द्यायचे. निकाल बहुतेक वेळा चुकीचा असायचा, पण द्यायची पद्धत फार चांगली होती.

अशा माणसाच्या मुलीनं कबड्डी खेळायची हे ठरलेलंच होतं. आठवीत मी खेळलेही. मी अंगानं थोराड, बाकावर दोघींची जागा घेणारी. अण्णांनी एक सामना कडेला उभं राहून बघितला आणि जुळे सोलापुरात घरी येताना स्कूटरवर म्हणाले, "ताकद हाय तुझ्यात. चपळाई न्हाय." बोलणं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. मी कबड्डी सोडली आणि त्यानंतर माझं अंग हा नात्यातल्या बायकांचा विषय झाला. मंगळवेढ्याची मावशी आली की माझ्या खांद्यांकडे बघून आईला म्हणायची, "हिला भात कमी घालत जा की." मी भात कमी खाल्ला. खांदे होते तेवढेच राहिले.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्याकडे आंतरमहाविद्यालयीन कबड्डी स्पर्धा भरवायचं ठरलं. प्राचार्यांना त्यात काहीतरी आकर्षण हवं होतं. पुण्याहून नव्यानं आलेल्या अकाउंट्सच्या मॅडम म्हणाल्या, चिअरलीडिंग करू या. प्राचार्य हो म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर टीव्हीवरच्या क्रिकेटमध्ये असतं ते होतं. मॅडमच्या डोळ्यांसमोर वेगळंच होतं. त्यांनी आम्हाला मोबाइलवर दाखवलं: एक मुलगी खालच्या मुलींच्या तळहातांवर उभी राहते, तिथून मागे झोकून देते आणि खालच्या तिला झेलतात. मग मॅडमनी वर्गावरून नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या खांद्यांसाठी मला निवडत होतं. मला इतका आनंद झाला की मी "विचार करून सांगते" म्हणाले.

संघात दोनच जाती होत्या, खालच्या आणि वरची. वरची विणकरांच्या घरातली, चिमणीएवढी. घरी तेलुगू बोलायची, आणि घरातच यंत्रमाग असल्यामुळे ती कुठलीही भाषा ओरडूनच बोलायची. लायब्ररीतसुद्धा. उचलायच्या वेळी ती स्वतःच मोजायची, "ओकटि, रेंडु, मूडु," आणि मूडुला आम्ही सगळ्या जोर लावायचो. हातात धरायचे गोंडे तिनंच मागावर उरलेल्या रंगीत सुताचे करून आणले होते. दिसायला झकास होते. हलवले की त्यातून बारीक तूस उडायचं आणि आम्ही शिंकायचो. त्यामुळे आमच्या पहिल्या काही सरावांत घोषणा कमी आणि शिंका जास्त होत्या.

अडचण मॅटची होती. जिमखान्याचे सर मॅट देईनात. ते म्हणाले, "यात पॉइंट कुठंय? समोर टीम कुठंय? हा कार्यक्रम आहे. सांस्कृतिक विभागाकडं जावा." सांस्कृतिक विभाग म्हणजे मराठीचे सर. त्यांनी आमचा सराव पाच मिनिटं बघितला आणि म्हणाले, "यात वेषभूषा नाही, चेहऱ्यावर भाव नाहीत आणि तुम्ही सगळ्या घामाघूम. हा खेळ आहे. जिमखान्यात जा." आम्ही दोन्हीकडे दोनदा जाऊन आलो. शेवटी लायब्ररीच्या मागे हॉस्टेलच्या जुन्या गाद्या टाकून सराव केला. एकीचा पाय मुरगळला तेव्हा जिमखान्यातून दुखण्यावर मारायचा स्प्रे मागितला. सर म्हणाले, तो खेळाडूंचा आहे. मग तिनं घरी जाऊन हळद लावली.

माझं मत विचाराल तर, बुद्धिबळ खेळ आहे, कॅरम खेळ आहे. त्यात लोक खुर्चीवर बसतात, मधे चहा पितात आणि कप घेऊन घरी जातात. कॅरम खेळताना वरून अंगावर कोणी पडल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण माझं मत कोणी विचारलं नव्हतं.

घरी तर हा प्रश्न फारच अडचणीचा होता. आईनं आधी कपड्यांचं विचारलं. अंगभर ट्रॅकपँट आणि टी-शर्ट, असं सांगितल्यावर तिचं समाधान झालं. अण्णांचं झालं नाही.

"गाणं लावणार का?"

"हो."

"गाण्यावर हात-पाय हलवायचं म्हंजे नाचच की."

"नाच नाही अण्णा. खेळ आहे."

"खेळ आसंल तर जा. नाच आसंल तर चारचौघांत नगं. घरच्या लग्नात नाच की, कोन नको म्हनतंय."

"पण खेळ आहे का नाच, हे ठरवणार कोण?"

अण्णांनी माझ्याकडे जरा नवलानं बघितलं. "मी," ते म्हणाले. "पर बघितल्याबिगर निकाल देत न्हाय."

स्पर्धेला पंच म्हणून तेच येणार होते. म्हणजे आम्हाला हाफटाइमची पाच मिनिटं मिळणार आणि त्या पाच मिनिटांत अण्णा ठरवणार. नाच ठरला तर दुसऱ्या दिवसापासून तास संपले की मी घरी. माझ्याजागी उभी करावी अशी दुसरी मुलगी कॉलेजात नव्हती, त्यामुळे माझ्याबरोबर संघही घरी. मी हे वरचीला सांगितलं. तिनं ओरडून विचारलं, "लई कडक हाईत का तुझे वडील?" मी म्हणाले, पंच आहेत. ती तिच्या मानानं हळू आवाजात म्हणाली, "अक्का, मग मी पडायचं नाही." मला तिचं हे फार आवडलं. रात्रभर मला ते आठवत राहिलं.

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर नवीकोरी मॅट अंथरली होती. पहिला डाव संपला. अण्णांनी शिट्टी दिली, दोन्ही संघ पाणी प्यायला गेले आणि आम्ही गोंडे घेऊन पळत मॅटच्या कडेला आलो. अण्णांनी हात आडवा धरला.

"बूट काढा. बाहीरचे बूट मॅटवर चालत न्हाईत."

माझ्याकडे त्यांनी अशा नजरेनं बघितलं की मी कुठल्या गावची कोण. मैदानावर अण्णांना नातेवाईक नसतात. आम्ही बूट काढून एका रांगेत ठेवले. आजवर आम्ही सगळा सराव बूट घालून केला होता. आता मोज्यांवर आत गेलो.

गाणं लागलं. मुलांनी शिट्ट्या मारल्या. सुरुवातीचं सगळं नीट झालं, शिंकाही फारशा आल्या नाहीत. मी मधेच डोळ्यांच्या कोपऱ्यातून अण्णांना बघून घेतलं. बाकी सगळं मैदान आमच्या तोंडांकडे नाहीतर गोंड्यांकडे बघत होतं. अण्णा कमरेवर हात ठेवून किंचित वाकले होते आणि आमच्या पायांकडे बघत होते. चढाईला आलेल्या गड्याकडे ते असंच बघतात.

मग उचलायची वेळ आली. ओकटि, रेंडु, मूडु. वरची वर गेली, सरळ उभी राहिली, दोन्ही हात पसरले. तेवढ्यात माझ्या समोरच्या मुलीचा मोजा मॅटवरून सटकला. तळहात तिरपे झाले आणि वरची मागे न जाता बाजूला कलली. त्या बाजूला कोणीच नव्हतं. मी तिकडे कशी गेले ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की ती माझ्या छातीवर येऊन आदळली, मी तिला धरून खाली बसले आणि माझा उजवा हात आमच्या दोघींच्या खाली गेला. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला. वरची उठून बसली, स्वतःला चाचपलं आणि ओरडली, "अक्का, मला काय झालं नाही." हे सगळ्या मैदानाला कळलं.

त्यावर लांबलचक शिट्टी वाजली.

अण्णा मॅटच्या मधोमध आले. त्यांनी एक तळहात आडवा धरला, दुसऱ्या हाताची बोटं त्याला खालून टेकवली आणि तसेच उभे राहिले. कबड्डीत ही टाइम आउटची खूण. दुसरे पंच वयानं लहान होते. ते पळत आले.

"सर, टाइम आउट कसा? हाफटाइम चाललाय."

"घड्याळ थांबवा."

"पण आत्ता खेळ कुठं—"

"खेळाडूला लागलंय."

"सर, पण या पोरी—"

"खेळाडूला लागलंय म्हनलं की," अण्णा म्हणाले. आवाज चढवला नाही. मैदानावर ते कधीच चढवत नाहीत.

टेबलावरच्या माणसानं घड्याळ थांबवलं. त्या घड्याळात फक्त विश्रांती चालली होती, तीही थांबली. जिमखान्याचे सर स्प्रे घेऊन धावत आले आणि माझ्या मनगटावर तो संपेपर्यंत मारला. मला रडू फुटलं. ते मनगटासाठी आहे असं सगळ्यांनी धरलं आणि मी तसं धरू दिलं.

अण्णा माझ्याबरोबर दवाखान्यात आले नाहीत. त्यांनी मला उठून कडेला बसताना बघितलं, घड्याळ परत सुरू करायला लावलं, दुसरा डाव पूर्ण केला आणि मगच मैदान सोडलं. मला मॅडमनी रिक्षातून नेलं, आई तिथं येऊन थांबली होती. अण्णा आले तेव्हा प्लास्टर घालून झालं होतं. गळ्यात शिट्टी तशीच होती. त्यांनी प्लास्टर सगळ्या बाजूंनी बघितलं आणि समोरच्या भिंतीला म्हणाले, "मोजं बी काढाय लावाय पायजे हुतं."

घरी येऊन जेवायला बसलो तेव्हा आईनं तोंड उघडलं. इतका वेळ तिनं ते कसं बंद ठेवलं होतं याचंच मला नवल वाटत होतं.

"बास झालं आता. आज हात मोडलाय, उद्या मान मोडंल. लग्नाची पोरगी हाय. उद्यापास्नं ती थेरं बंद."

हात खरंच मोडला होता.

अण्णांनी घास संपवला आणि ते पाणी प्यायले.

"तसं बंद करता येत न्हाय," ते म्हणाले.

"का न्हाय?"

"टाइम आउट दिलाय मी. टाइम आउट दिल्यावर लागलेला खेळाडू परत आत येतोय, न्हाईतर बदली खेळाडू द्याया लागतोय. मधनंच कुणाला घरी बसवायचं असा नियम न्हाय." मग ते माझ्याकडे वळले. "बदली हाय का तुमच्याकडं?"

"नाही."

"कुणीच न्हाय?"

"एवढ्या खांद्यांची कोणीच नाही, अण्णा."

"मग झालं तर. प्लास्टर निघंस्तवर कडंला बसून बघायचं. ती समोरची पोरगी पाय जवळ घिऊन उभारती. तिला रुंद उभाराय सांग. तुझं पाय बरोबर हुतं."

आई उठून आमटी आणायला गेली.

मी डाव्या हातानं भाकरी मोडायला गेले. ज्वारीची भाकरी एका हातानं मोडत नाही, ती नुसती ताटात फिरते. अण्णांनी ते बघितलं. मग माझं ताट स्वतःकडे ओढलं, भाकरी बारीक कुस्करली, आमटी घेऊन आलेल्या आईच्या हातातून पळी घेऊन वर आमटी घातली, कालवलं आणि ताट परत माझ्यासमोर सरकवलं.

"भात बी वाढ गं हिला," ते आईला म्हणाले. "चांगला वाढ."