‘थांब’ म्हटलं की दाबायचं

आमच्या फोटोग्राफी क्लबात एक दुष्ट खेळ आहे. महिन्यातून एका रविवारी ठाण्यात एका शाळेच्या वर्गात आम्ही हौशी मंडळी जमतो. सगळ्यांचे फोटो एकेक करून पडद्यावर येतात, पण कोणाचा कुठला ते सांगायचं नाही. बाकीच्यांनी ओळखायचं. फोटो बघताक्षणी सगळा वर्ग ज्याचं नाव घेतो तो खरा फोटोग्राफर, असं आमच्या सरांचं मत. सर म्हणजे क्लबातले सगळ्यात ज्येष्ठ. एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त झालेले, आता खाडीवर फ्लेमिंगोंसाठी तासन्‌तास बसतात. त्यांचा फोटो लांबूनही कळतो. भरपूर रिकामं आभाळ आणि एका कोपऱ्यात एकच पक्षी.

माझा मात्र कधी कोणी ओळखला नाही. म्हणजे ओळखायचे, पण दुसऱ्याचा म्हणून! मी भल्या पहाटे वर्तकनगरहून रिक्षा करून खाडीवर गेले, चिखलात उभी राहून फ्लेमिंगो काढले, तर कोणीतरी म्हणालं, "सरांचाच आहे, पण त्या दिवशी सरांना ताप असणार." सगळा वर्ग खो खो हसला. उपवनच्या तलावावरचा सूर्यास्त नेला, तो बँकेतल्या काकांच्या नावावर गेला. पानावरचे थेंब नेले, तर ते डोंबिवलीच्या डेंटिस्टबाईंचे ठरले. मी हसायचे सगळ्यांबरोबर, पण आतून नुसती धुमसायचे. मला त्या वर्गात एकदा, फक्त एकदा, माझं नाव ऐकायचं होतं. बक्षीस नको, शाल-श्रीफळ नको. कोणीतरी "हा हिचाच!" म्हणायला हवं होतं.

आणि मग कहर झाला. एका रविवारी पडद्यावर कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याचा फोटो आला. मी तडक हात वर केला. "डेंटिस्टबाईंचा!" सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "अहो, हा तुमचाच आहे. क्लबाच्या सहलीत काढलात तेव्हा मी शेजारीच होतो."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. काही समजूत घालेल म्हणून सांगितलं हो! तर तो जेवता जेवता म्हणतो, "पोटचं पोर ओळखेना अशी आई पहिल्यांदाच बघतोय." मी कॅमेरा कपाटात गोधड्यांच्या खाली कोंबला. गेलं खड्ड्यात म्हटलं. आपल्याला नाही जमत तर नाही जमत.

विठ्ठलवाडीला माझी मोठी बहीण राहते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने बोलावलं आणि वर म्हणाली, "कॅमेरा आण, बायकांचे छान फोटो काढ." मी म्हटलं, "ताई, माझ्याकडे कॅमेरा आहे, स्टुडिओ नाही." "बरं बाई, मग तिळगूळ खायला ये, आणि येताना ते डबडं पण आण." ताईपुढे माझं काही चालत नाही. आणलं डबडं.

आता हळदीकुंकवात बायकांचे फोटो काढणं म्हणजे काय, ते काढणाऱ्यालाच ठाऊक. कॅमेरा वर केला रे केला की, "अगं थांब!" कोणी पदर सारखा करतंय, कोणी मंगळसूत्र साडीच्या वर काढतंय, कोणी ओले हात मागच्या मागे पडद्याला पुसतंय. आणि माझा स्वभाव हा असा उतावळा. चहा उकळायच्या आत मी गाळायला घेते. ‘थांब’ कानावर पडलं की माझं बोट हमखास दाबलंच जातं. सर नेहमी त्यावरून बोलायचे, "तुम्ही फार घाई करता. फोटो पिकू द्यावा लागतो." त्या दिवशीही तेच झालं. आधी एक घाईचा, मग सगळ्या तयार होऊन रेशनकार्डाच्या फोटोला बसल्यासारख्या बसल्या की दुसरा, शहाण्यासारखा.

बायका गेल्यावर मी दिवाणावर बसून ते घाईचे फोटो उडवत होते. ताई चहा घेऊन मागे येऊन उभी राहिली.

"ए, हा कशाला उडवतेस?"

"तयार नाहीये ती. तोंडात पिन आहे बघ."

"अगं पण हीच तर ती!" ताई जवळजवळ ओरडलीच. "माझी शेजारीण अशीच आहे. एका हाताने जगाला थांबवते नि दुसऱ्या हाताने अंबाडा घालते. तुझ्या त्या नीट फोटोत कोण बसलीय देव जाणे."

मी परत बघितलं. काळी साडी, दातांत पिन, कॅमेऱ्यावर रोखलेला तळहात, आणि डोळ्यांत ‘खबरदार’. पुढचा बघितला, त्याच्या पुढचा बघितला. प्रत्येकीचा हात वेगळ्या ठिकाणी गेलेला. कोणाचा केसांकडे, कोणाचा पोटावरच्या पदराकडे, एकीचा तर गालावरच्या डागावर. आपल्यात काय कमी आहे असं प्रत्येकीला वाटतं, ते तिचा हात न विचारता सांगत होता. मला चहा प्यायचं सुधरेना. घरी येऊन जुने फोटो उघडले, तर लग्नं, बारशी, सोसायटीची पूजा, सगळीकडे मी बटण लवकर दाबलेलं आणि सगळीकडे ते हात! काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी खाडीत चिखल तुडवत होते आणि माझं सगळं धन मी ‘खराब’ म्हणून बाजूला टाकलेलं.

मग काय विचारता! मला भूतच चढलं. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकला मी आजवर फक्त शिव्या घातलेल्या. आता ऑफिसची बस अडकली की मी खिडकीतून शेजारच्या रिक्षावाल्याला विचारायचे, "भैया, एक फोटो?" तो "रुको मॅडम" म्हणत खाकी शर्टाची वरची बटणं लावायला घ्यायचा, की दाबलं! भाजीवालीला विचारलं तर तिने स्वतःच्या केसांना हातसुद्धा लावला नाही, आधी वांगी नीट रचली. कल्याणजवळच्या एका गावात, जिथे आता शेतांवर टॉवर उभे आहेत, एका बंगल्याच्या ओट्यावर एक आजोबा बसलेले. फोटो म्हटल्यावर त्यांनी गळ्यातली जाडजूड चेन सदऱ्याच्या बाहेर काढली. तेवढ्यात आजी आतून आली नि चेन परत आत सारत म्हणाली, "ठेव आत, लगीन हाय का कोनाचं?" एकाच चेनीवर दोघांचे हात. मी रस्त्याने अक्षरशः उड्या मारत परतले.

एक नियम मात्र मी पाळला. नंतर नीट बसवून दुसरा फोटो काढायचाच, तो त्यांना पाठवायचा, आणि पहिला दाखवून विचारायचं, हा लोकांना दाखवू का? काही जण चक्क नाही म्हणाले. बहुतेक जण मात्र पोट धरून हसले आणि म्हणाले, दाखवा.

रविवारी मी क्लबात पिनवाली शेजारीण आणि चेनवाले आजी-आजोबा नेले. पडद्यावर पिनवाली आली. कोणीच कोणाचं नाव घेईना. बँकेतले काका म्हणाले, "चुकून दाबला गेलेला दिसतोय." सर उठून पडद्याजवळ गेले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हा आपल्यातल्या कोणाचाच नाही." तुम्हाला सांगते, मला कधी कोणी इतकं गोड बोललेलं नाही! मी हात वर केला, तर सगळ्या माना वळल्या.

त्यानंतर दर महिन्याला मी तेच नेत गेले, आणि एका रविवारी, ज्याची मी वाट बघत होते, तो आवाज झाला. पडद्यावर एक म्हाताऱ्या बाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या होत्या. एक हात तोंडावर, दुसरा कवळीच्या डबीकडे धावलेला, डोळे हसून हसून बारीक झालेले. अख्खा वर्ग एका सुरात माझं नाव ओरडला. नाव! माझं! आणि मी खुर्चीवरून उठून ओरडतेय, "अहो, माझा नाहीये हा!" कोणी ऐकायलाच तयार नाही. डेंटिस्टबाई म्हणाल्या, "पुरे तुमचा विनय."

तेवढ्यात मागच्या बाकावरून सरांचा हात वर आला.

"माझा आहे," ते म्हणाले. "ही आमची मंडळी." सर उभे राहिले, पण पडद्याकडे बघेनात, हातातला रुमाल घडी करत राहिले. "लग्न झाल्यापासून ती थांबा म्हणायची आणि मी थांबायचो. तिचं आवरेपर्यंत माझा उजेड जायचा. मग राहूनच जायचं. घरात पक्ष्यांचे ढीगभर फोटो आहेत, हिचा एक धड नव्हता."

"काकूंना विचारलंत का, इथे दाखवू म्हणून?" मी विचारलं.

"विचारलं तर. म्हणाली, खुशाल न्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तुम्ही माझा फोटो काढलाय."