डावा हात खिशात

ताई भित्री होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हिचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी ही पाणीसुद्धा फुंकून प्यायची. घराबाहेर पडताना गॅसचं बटण बघायची, जिना उतरायची आणि पुन्हा वर येऊन बघायची. नवरा तलावावर लोकांना पोहायला शिकवायचा, आणि त्याच्याच बायकोनं आजवर घोट्याच्या वर पाणी चढू दिलं नव्हतं. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," तो म्हणायचा, "आणि ब्रह्मराक्षसापाठी आमची ही, गॅस बंद केलास का विचारत."

ती चष्म्याच्या काचा घासायची. दुकानाच्या मागे एक चिंचोळी खोली, तिथे पाण्याच्या धारेखाली फिरणारं चाक, आणि चाकाशी ताई. दुकानात कुणाला तिचं तोंड दिसायचं नाही, पण चष्मा नाकावर नीट बसला की समजायचं, मागच्या बाईंनी केलाय.

आता अशा बाईला छंद कसला असावा? भरतकाम, फार तर कुंड्यांतली रोपं. हिला छंद जुन्या रेडिओंचा. आत काचेचे व्हॉल्व्ह असलेले, चालू केल्यावर सावकाश तापणारे आणि मग खाकरून बोलायला लागणारे रेडिओ. दिसायला गरीब, पण पोटात शेकडो व्होल्ट. त्यातला मोठा कंडेन्सर तर असा खुनशी की प्लग काढून ठेवला तरी पोटात वीज धरून बसतो. हात लागायचा अवकाश.

म्हणून असे रेडिओ दुरुस्त करणाऱ्या लोकांचा एक नियम होता. चालू सेटमध्ये एकच हात घालायचा, उजवा. डावा हात खिशात. एका हाताला वीज लागली तर बहुतेक वेळा चटका बसतो, माणूस ओरडतो आणि दूर होतो. दोन्ही हात आत असले तर ती एका हातातून शिरते, छाती ओलांडते आणि दुसऱ्या हातातून निघते. छातीत काय असतं ते सांगायला नको. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात ही जगाची जुनी खोड. ताईनं आपल्या प्रत्येक कुडत्याला डावीकडे स्वतः खिसा शिवून घेतला होता. इतक्या वर्षांत तिला एकदाही झटका बसला नाही. ज्यांना बसला, ते सगळे धीट होते.

या मंडळींचा इंटरनेटवर एक कट्टा होता. तो सुरू केला मास्तरांनी. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. पुढे त्यांची नजर अधू झाली आणि त्यांनी कट्टा ताईच्या हवाली केला. "तूच सांभाळ," ते म्हणाले, "तू भित्री आहेस." हे कौतुक होतं हे तिला तेव्हा कळलं नाही.

कट्ट्याच्या दोन रीती होत्या. नवा माणूस आला की त्यानं आधी सांगायचं, पायाखाली रबर आहे की नुसती फरशी, डावा हात कुठे आहे, कंडेन्सर रिकामा कसा करतोस. जुन्यांपैकी कुणी "बरोबर" म्हटलं की मगच त्याला प्रश्न विचारता यायचा. आणि दुसरी रीत अशी की कुणीही काहीही लिहिलं तरी त्याच्याखाली आपोआप एक ओळ उमटायची: डावा हात खिशात. कुणी नातवंड झाल्याचं कळवलं तरी खाली तेच.

या रीती उगाच पडल्या नव्हत्या. सुरुवातीच्या काळात 'बाजा' नावानं लिहिणारा एक माणूस होता, भलता गमत्या. एका दुपारी तो म्हणाला, "थांबा, व्होल्ट मोजून सांगतो." आणि मग काही बोललाच नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी त्याच्याच नावानं एक ओळ आली: मी त्याचा भाऊ लिहितोय. ताई त्या वेळी नवीन होती. ती ओळ तिला पाठ झाली होती.

पण आता कट्टाच आचके देत होता. जुने एकेक करून गळत होते, नवा माणूस दारातूनच परत जात होता. मग ताईनं भाचीला बोलावलं. भाची दुकानांच्या वेबसाइट करायची, बोलायला फटकळ. तिनं कट्टा उघडून पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, हा कट्टा आहे की पोलीस चौकी? दारातच उलटतपासणी घेता तुम्ही."

"ती गरजेची आहे गं."

"आणि ही खाली सारखी सारखी एकच ओळ? नव्या माणसाला वाटतं काहीतरी बिघडलंय. मावशी, हे असंच ठेवलंत तर तुम्ही चार म्हातारे एकमेकांना खिशात हात घालायला सांगत बसाल, आणि एक दिवस तेही संपेल."

ते संपेल, याचीच तर ताईला भीती होती. मास्तरांना काय तोंड दाखवायचं? एका भीतीनं दुसरीला गप्प केलं आणि ताई म्हणाली, "कर तुला हवं तसं. पण धोक्याचं पान तेवढं ठेव." भाचीनं ते ठेवलं, पार तळाशी, बारीक अक्षरांत. उलटतपासणी काढली. ती ओळ काढली. वर एका रेडिओचा सुंदर फोटो लावला आणि त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: घाबरू नका, विचारा.

आणि काय सांगावं, लोक आले. कुणी आजोबांचा सेट घेऊन, कुणी भंगारातून उचललेला. मास्तरांना फोनवर रोज नवी नावं वाचून दाखवताना ताईचा आवाज खुलायचा. भाची म्हणाली, "बघितलंस?" ताईनं बघितलं होतं. एवढी खूश ती कित्येक वर्षांत झाली नव्हती.

त्यात एक 'चिमणी' होती. आजीचा रेडिओ, नुसता गुरगुरतोय, आवाज येत नाही, स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा पहिल्यांदाच हातात घेतेय, काय करू? प्रश्न इतका लाघवी की ताईनं स्वयंपाक बाजूला ठेवून उत्तर लिहिलं, अगदी हाताला धरून शिकवावं तसं. मागचं झाकण काढ. सेट चालू कर. मीटरची काळी पिन चॅसीला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, चिमट्यानं अडकव. लाल पिन मोठ्या कंडेन्सरच्या टोकाला लाव आणि किती व्होल्ट येतात ते मला सांग. चिमणी म्हणाली, "आत्ताच बघते."

दुसऱ्या दिवशी दुकानात चहा पिता पिता ताईनं फोनवर कट्टा उघडला. चिमणीनं काही कळवलं नव्हतं. ताईनं आपलंच उत्तर पुन्हा वाचलं, शेवटपर्यंत आली, आणि तिथे काहीच नव्हतं. शेवटच्या शब्दाखाली नुसती पांढरी जागा.

डावा हात खिशात. ती ओळ तिनं आयुष्यात कधी हातानं लिहिलीच नव्हती! लिहायची वेळच आली नव्हती. ती आपोआप उमटायची. दारातली तपासणी पार केलेलाच माणूस प्रश्न विचारायचा, म्हणून बाकी काही सांगायचीही सवय नव्हती. ती जुन्या कट्ट्यावर बसल्यासारखी बोलली होती, आणि समोर ज्या पोरीनं आयुष्यात पहिल्यांदा स्क्रू-ड्रायव्हर हातात घेतला होता, तिला तिनं चालू सेटमध्ये हात घालायला सांगितलं होतं. दोन्ही हात घालू नकोस, असं न सांगता.

तिनं तिथल्या तिथे लिहिलं, "चिमणी, थांब. काही करू नकोस. तू आहेस ना?" नावाशेजारी हिरवा ठिपका असला की माणूस कट्ट्यावर आहे असं समजायचं. चिमणीचा ठिपका राखाडी होता. त्या दिवशी ताईनं एका गिऱ्हाइकाची उजव्या डोळ्याची काच डावीकडे बसवली. दुकानाच्या मालकानं तो चष्मा परत आणून तिच्यासमोर ठेवला.

मग दिवस जायला लागले आणि ठिपका राखाडीच राहिला. नाव नोंदवताना दिलेल्या पत्त्यावर ताईनं मेल पाठवले, उत्तर नाही. नाव, गाव, फोन, काही म्हणजे काही माहीत नव्हतं. आधीच्या रीतीत माणूस दारात चार शब्द तरी बोलायचा. आता नुसतं बटण दाबून आत. ताईचा जीव टांगणीला लागला. फोन वाजला की ती धावायची, आणि नाही वाजला तरी उचलून बघायची. कुठल्या तरी घरात उघडा रेडिओ आणि त्याच्यासमोर... पुढचं ती मनात येऊ द्यायची नाही, पण मन कुणाच्या बापाचं ऐकतं?

नवऱ्यानं आधी थट्टा करून पाहिली. मग तिचा चेहरा बघून तो शेजारी येऊन बसला.

"तलावावर नवीन माणूस आला की मी काय विचारतो माहितीये? भीती वाटते का. जो हो म्हणतो, त्याची मला काळजी नसते. तो कठडा सोडत नाही."

"आणि नाही म्हणतो तो?"

"त्याच्याजवळ मी उभा राहतो."

"मी नव्हते ना उभी," ताई म्हणाली आणि रडायला लागली.

शेवटी तिनं मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे पान कसं दिसतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. ताईला वाटलं, आता रागावतील, आणि ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

"ओळ काढली?" एवढंच ते म्हणाले. मग म्हणाले, "जुन्यांना सांग. प्रत्येकानं तिला हाक मारावी."

जुन्यांनी हाका मारल्या. चिमणीच्या त्या प्रश्नाखाली एकेक जण येऊन हातानं लिहून गेला: डावा हात खिशात. मास्तरांनी शेजारणीकडून लिहवून घेतलं. नव्या लोकांना काही कळेना. एकानं विचारलं, हा काय प्रकार आहे? ताईनं त्याला बाजाची गोष्ट सांगितली. लिहिताना तिला वाटत होतं, आपण एकाची नाही, दोघांची गोष्ट लिहितोय.

रविवारी सकाळी ती भाजी निवडत होती आणि फोन टेबलावर थरथरला. चिमणीच्या नावानं मजकूर आला होता. ताईला तो उघडवेना. मी तिचा भाऊ लिहितोय, मी तिची आई लिहितेय... तिनं फोन नवऱ्यापुढे सरकवला. त्यानं वाचायला सुरुवात केली.

"ताई, मी चिमणी. मी बरी आहे."

ताईनं टेबलाची कड धरली. तो पुढे वाचत गेला.

"हे सगळं आज पाहिलं. नाव आईच्या पत्त्यावरून नोंदवलं होतं, ती मेल बघतच नाही. मला काही झालेलं नाही, कारण मी झाकण काढलंच नाही. एक स्क्रू अर्धा फिरवला आणि हात लटपटायला लागले. तुम्ही किती सोपं करून सांगितलं होतं. आणि वर तर ठळक लिहिलंय, घाबरू नका. मी घाबरले. मग इथे यायची लाज वाटली, सगळे हसतील म्हणून. हा रेडिओ कुणाला हवा असेल तर देऊन टाकावा, एवढंच विचारायला आज आले होते. माझ्यासारख्या भित्रीचं हे काम नाही."

नवरा थांबला. आयुष्यभर ज्या शब्दावरून त्यानं हिला चिडवलं होतं, तो शब्द वाचून झाल्यावर त्याला बायकोकडे बघवेना. ताई रडत होती आणि रडता रडता हसत होती. तिनं डोळे पुसले आणि भाचीला फोन लावला.

"ते वरचं वाक्य काढ."

"मावशी, त्या वाक्यामुळे तर लोक येतायत."

"ठाऊक आहे. तिथे लिही, ज्यांना भीती वाटते त्यांनी आधी यावं."

"अगं, लोक पळतील."

"पळू देत. पळालेला माणूस घरी पोचतो."

भाची नेहमीपेक्षा हळू आवाजात म्हणाली, "आणि ती ओळ? ती पुन्हा आपोआप येईल अशी लावून देते."

"आपोआप नको. ज्याची त्यानं हातानं लिहायची. दारातली चौकशीही परत घाल, पण तिथे आधी मी असेन, नुसती प्रश्नांची यादी नाही."

फोन ठेवून ती चिमणीला उत्तर लिहायला बसली.

"रेडिओ कुणालाही देऊ नकोस," तिनं लिहिलं. "तो दुरुस्त तूच करणार आहेस. झाकणाला इतक्यात हात लावू नकोस. आधी एक सांग, तुझ्या कपड्याला डाव्या बाजूला खिसा आहे का? नसेल तर आधी तो शिवू."