मावशींचा टेबलफॅन

नव्वदच्या दशकात आमच्या ऐरोलीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला डॉक्टरइतका मान होता, आणि मी तो पुरेपूर मिरवला. सहा महिन्यांचा हार्डवेअरचा कोर्स, खिशात स्क्रूड्रायव्हर आणि तोंडात कायम "टेन्शन घेऊ नका". मी कॉम्प्युटरचं कॅबिनेट उघडलं की घरातली मोठी माणसंसुद्धा हळू बोलायला लागायची. त्या मानापायी मी एका बाईचं नुकसान केलं. ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

माझा कॉलेजातला एक मित्र घणसोली गावात राहायचा. गावठाणातलं घर, मागे भाड्याच्या खोल्या, आणि तो स्वतः ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कंपनीत शिफ्टला. त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, ठाण्याच्या. लग्नाआधी त्या तिकडे एका प्रेसमध्ये डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर अक्षरजुळणी, करायच्या. लग्नानंतर त्यांनी घरातच कॉम्प्युटर घेतला आणि गावातल्या लग्नपत्रिका करायला सुरुवात केली. हे काम वाटतं तितकं सोपं नव्हतं. एकेका पत्रिकेत निमंत्रकांची पन्नासेक नावं, कोणाचं कोणाच्या आधी तेही ठरलेलं, आणि एखादा चुलता राहून गेला की दोन घरांचं बोलणं बंद. वहिनींच्या हातून एकही नाव कधी राहिलं नाही. लोक शेजारच्या तळवली गावातूनही त्यांच्याकडे यायचे.

त्यांच्या सासूबाईंना मी मावशी म्हणायचो. मावशींना हा उद्योग फारसा पसंत नव्हता. त्यांनी बजावून ठेवलं होतं, "चालतं तवर चालू दे. त्या खोक्यानं एकदा का डोक्याला ताप दिला, का काढून टाकायचा. मंग बाकीच्या बायका करतात तसं घरातलं काम करायचं." वहिनी हे हसत सांगायच्या. पण कॉम्प्युटरला त्यांनी फुलाफुलांच्या कापडाचं कव्हर शिवलं होतं, आणि रोडवरची धूळ जाऊ नये म्हणून काम संपलं की लगेच ते घालायच्या.

सत्त्याण्णव संपता संपता पत्रिकेवर रंगीत गणपती आणि नवरा-नवरीचे फोटो छापायची टूम निघाली. वहिनींचा दोन वर्षांचा कॉम्प्युटर एकेका फोटोला धापा टाकायला लागला. मी ऐटीत म्हटलं, नवा कशाला घेता, नुसता प्रोसेसर बदलू, मदरबोर्ड तोच ठेवू. मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराने विचारलं, "सॉकेट सेम है ना? फिर बैठ जाएगा." मला तेवढंच ऐकायचं होतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे बसलो. मित्र खुर्ची ओढून शेजारी, मावशी दारात, वहिनी चहा घेऊन उभ्या. जुना प्रोसेसर काढला, नवा ठेवला, तो बसतो त्या सॉकेटची दांडी खाली दाबली. अगदी बरोबर बसला. मग जंपर लावायला मी बोर्डाची पुस्तिका उघडली. जंपर म्हणजे प्लॅस्टिकच्या इवल्याशा टोप्या. त्या कुठल्या पिनांवर घालायच्या यावर प्रोसेसरला किती व्होल्ट मिळणार ते ठरायचं. नव्या प्रोसेसरच्या पाठीवर स्पष्ट लिहिलं होतं, आतल्या भागाला २.९ व्होल्ट. पुस्तिकेतला सर्वांत कमी आकडा ३.३ होता. मी पान उलटून पाहिलं, परत उलटलं. त्या बोर्डाला त्याहून कमी देताच येत नव्हतं. म्हणजे नवा प्रोसेसर भलताच तापणार आणि कधीतरी जळणार.

"जुळतंय ना, भाऊजी?" वहिनींनी विचारलं. त्या पुस्तिकेकडेच बघत होत्या.

चुकलं माझं, बोर्डही बदलावा लागेल, एवढंच म्हणायचं होतं. मित्र बघत होता, मावशी बघत होत्या. मी पुस्तिका मिटली. "टेन्शन घेऊ नका, वहिनी."

कॉम्प्युटर सुरू झाला. स्क्रीनवर त्याने नव्या प्रोसेसरचं नाव भलतंच दाखवलं. तो त्याला ओळखतच नव्हता. पण गणपती झटकन उमटला आणि वहिनी खुदकन हसल्या. अर्ध्या तासाने मी सहज केल्यासारखं करून कॅबिनेटमध्ये हात घातला आणि चटका बसताच बाहेर काढला.

"उन्हाळा तोंडावर आहे," मी म्हटलं. "एका बाजूचं झाकण काढून ठेवू. कव्हर नका घालू. आणि समोर टेबलफॅन लावा." घरात एकच टेबलफॅन होता, मावशींच्या खाटेजवळ. मित्र तो उचलून घेऊन आला. मावशी म्हणाल्या, "आन मना काय? मी उकडून मरू?" पण पंखा द्यायला त्या नाही म्हणाल्या नाहीत.

त्यानंतरचे दोन-अडीच महिने घरातला फोन वाजला की मी सगळ्यांच्या आधी धावत जाऊन उचलायचो. मी काही ना काही निमित्त काढून घणसोलीला जायचो. पायरीवरूनच पंख्याचा आवाज येतोय का ते ऐकायचो. वहिनी सांगायच्या, मधूनच अडकतो, पण बंद करून चालू केला की चालतो. मी मान हलवायचो. संध्याकाळी कंपन्यांमधून कसला तरी वायू सोडायचे आणि सगळ्या गावात उग्र वास पसरायचा. लोकांना त्याची सवय झाली होती. मी मात्र प्रत्येक वेळी हुंगून बघायचो, हा वास बाहेरचा की आतला. सांगायची संधी रोज होती. एक दिवस चालला की वाटायचं, आता चालेल.

एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, दुपारी मित्राचा फोन आला. मी पोचलो तेव्हा पंखा फिरत होता आणि स्क्रीन काळी होती. आत वाकून पाहिलं. सॉकेटच्या भोवती बोर्ड करपून तपकिरी झाला होता.

"मी बोलत व्हती ना," मावशी म्हणाल्या, "दिवसभर चालू ठेवतं ती. यंत्राला पन इसावा लागतं."

मित्राने मला विचारलं, "कशामुळे झालं रे?"

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"तापला," मी म्हटलं. "सतत चालू राहिला की होतं असं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता, आणि मी पक्कं खोटं बोललो होतो. मावशींनी मान डोलावली. निघताना वहिनी पायरीपर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "भाऊजी, पंखा लावायला तर तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?"

"कुठल्याही कॉम्प्युटरला लावावा," मी म्हटलं, आणि चपला घातल्या.

मावशींनी बजावल्याप्रमाणे कॉम्प्युटर घरातून गेला आणि अर्धवट राहिलेल्या पत्रिकांची फ्लॉपी वहिनींनी माझ्याकडे पाठवली. त्या मी माझ्या कॉम्प्युटरवर पूर्ण केल्या. पुढे गावातली बाकीची कामंही माझ्याकडेच यायला लागली. मी घेतली.

दिवाळीच्या सुमारास मित्राने जेवायला बोलावलं. कॉम्प्युटरच्या टेबलावर आता लोणच्याच्या बरण्या होत्या आणि टेबलफॅन मावशींच्या खाटेजवळ परत गेला होता. वहिनी भाकऱ्या थापत होत्या. बोलता बोलता मावशीच म्हणाल्या, "घे रं हिला एक नवा. परवाच्या पत्रिकेत माझ्या भावाचं नाव राहिलं. हिच्या हातानं असं कदी झालं नाय." ती पत्रिका मी केली होती.

मित्र हसला. "काय गं, घ्यायचा का? हा आहेच लावून द्यायला."

वहिनींनी तव्यावरची भाकरी उलटली. मग मागे वळून माझ्याकडे बघितलं, अगदी शांतपणे.

"नको," त्या म्हणाल्या. "मला नाही जमत ते. जास्त चालू ठेवते मी."

आणि त्यांनी गरम भाकरी माझ्या ताटात वाढली.