साडूंचे टोपीवाले दिवे

काळजी करण्यात आमच्या थोरल्या साडूंचा हात धरील असा माणूस अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यात झाला नाही. वीज खात्यातून निवृत्त होऊन ते मांडवीला राहत. घराबाहेर पडताना मेन स्विच बंद करायचे आणि कोपऱ्यावरून परत येऊन तो खरंच बंद झालाय का ते बघायचे. अशा माणसाच्या गळ्यात आमच्या गावच्या देवस्थानाने टेकडीवरच्या देवळाची रोषणाई घातली. सीएफएल दिवे तेव्हा नुकतेच घरोघरी येऊ लागले होते. कमी विजेत देऊळ आणि बाग उजळायची, एवढीच अट. साडूंची झोप उडाली. दुकानातला प्रत्येक दिवा त्यांनी आपल्या आवाराच्या गडग्यावर, देवळासारख्याच जांभ्या चिऱ्याच्या कुंपणभिंतीवर, लावून पाहिला आणि त्याखाली माझ्या मेव्हणीला उभं केलं. "पांढऱ्या उजेडात चिरा आजारी दिसतो हो, आणि ही पण," असं म्हणत महिनाभर दिवे नापास केले. मेव्हणी म्हणाली, "मला बघायला आलात तेव्हा एवढं निरखलं नव्हतंत."

शेवटी पिवळसर दिवे पसंत पडले. उजेड आभाळात वाया जायला नको म्हणून साडूंनी प्रत्येकाला पत्र्याची टोपी करून घेतली आणि शिखराजवळचा, भरमसाट वीज खाणारा जुना हॅलोजन स्वतः उभं राहून उतरवला. दिवेलागणीला बटण दाबलं, भिंती तांबूस उजळल्या, सगळे खूश झाले. तेवढ्यात खारवीवाडीतली एक म्हातारी धापा टाकत वर आली. "भाऊ, वरचा दिवा खै गेला? लेक माझा दर्यात हाय. त्या दिव्यावर तर तो खाडीचं तोंड धरतो." खाडीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना खडक. साडूंचा चेहराच उतरला. जन्मभर नसत्या काळज्या केल्या आणि खरी तेवढी सुटली. "शिडी धरा, बोलू नका," मला म्हणाले, आणि साठी उलटलेला तो माणूस वर चढला. दिवा पुन्हा लागला. मग आम्ही धक्क्यावर जाऊन उभे राहिलो. तासाभराने होडी आली. साडूंनी त्या तरुणाचा हात धरला तो सोडेचनात. "काय झाला भाऊ?" त्याने विचारलं. "काही नाही. घरी जा, आई वाट बघत्ये."

साडू जाऊन आता चार वर्षं झाली. वीज वाचवायची म्हणून तो हॅलोजन काढू या, असं देवस्थानाच्या बैठकीत दरवर्षी कुणीतरी म्हणतं आणि मी भांडतो. साडूंची सर्वांत जास्त थट्टा मीच केली. पण संध्याकाळी तो दिवा लागलेला बघितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही.