खिडकी नसलेली खोली

आमच्या भिशीतल्या बायकांना हल्ली क्रूझचं वेड लागलंय. मी एका स्वस्त आणि एका महागड्या अशा दोन्ही बोटींवर जाऊन आलेय, म्हणून सगळ्या मलाच विचारतात. कुठली बरी गं? महागडीत असं काय असतं? जेवण कुठे चांगलं? मी आपली सांगते, बाथरूम कुठे स्वच्छ, वेटर कुठे हसरे, चहा कुठे पाणचट. खरं विचाराल तर मला दोन्ही बोटींची किळस येते. त्या किळसेतला मोठा वाटा माझा स्वतःचाच आहे, पण ते मी वडे खाता खाता भिशीत सांगत नाही.

मुळात ही हौस माझी नव्हतीच, ताईची होती. ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, पनवेलजवळ करंजाड्याला एकटी राहते. भावोजी नऊ वर्षं अंथरुणाला खिळून होते. त्या नऊ वर्षांत ताईला जिन्याच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या, दाराची चौकट खांद्याला लागायला लागली, तरी तिनं सगळं चष्म्याच्या नंबरावर ढकललं. भावोजी गेल्यावर मी तिला जवळजवळ ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू निघाला, तोही फार पुढे गेलेला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि थेंब लिहून दिले.

बाहेर येऊन आम्ही उसाचा रस प्यायलो. मला वाटलं ताई रडेल. तिनं ग्लास संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "समुद्र मी नेहमी एकाच बाजूला बघितलाय गं. उरणला बघितला, अलिबागला बघितला. आपण वाळूत उभं आणि तो समोर. चारही बाजूंनी पाणीच पाणी असतं तेव्हा कसं दिसतं, तेवढं एकदा बघायचंय."

नऊ वर्षांत तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट. मी लगेच कामाला लागले. म्हणजे काय, तर चौकशा करायला लागले. मी दहा दुकानं हिंडल्याशिवाय साधं पायपुसणं घेत नाही, ती बोट कशी घेईन? एक वही केली, दोन रकाने आखले, स्वस्त आणि महाग. स्टेशनजवळच्या ट्रॅव्हल एजंटला इतके फोन केले की शेवटी तो माझा आवाज ऐकूनच सुस्कारा सोडायचा. त्यात बिचाऱ्यानं एकदा सांगितलं होतं, "मॅडम, खिडकीवाली रूम घ्या. पैशात फार फरक नाही पडत."

त्यावर मी ते वाक्य म्हटलं, जे आपल्याकडे लॉजच्या काउंटरवर प्रत्येक घरातलं एक तरी माणूस अभिमानानं म्हणतं. "खोलीत काय, झोपायलाच तर जायचंय!"

एजंटनं बिनखिडकीची खोली लिहून घेतली. मला वाटलं, मी जिंकले.

तीन रात्रींची ती स्वस्तातली बोट मुंबईच्या धक्क्यावरून सुटली. आमची खोली बोटीच्या पोटात होती. दार उघडलं की ओल्या गालिच्याचा आणि फिनेलचा वास. बाथरूममध्ये अंघोळीला उभं राहिलं की प्लास्टिकचा पडदा अंगाला चिकटायचा, आणि तो आधी कुणाकुणाला चिकटला असेल या विचारानं मी अंग चोरून कशीबशी दोन तांबे ओतून घ्यायचे. दिवा मालवला की मिट्ट काळोख. ताई पलंगावर बसून हातानं भिंत चाचपत होती. "खिडकी कुठेय गं?" असं तिनं एकदाच विचारलं. या खोल्यांना नसते, असं मी सांगितलं. "असू दे, वर जाऊन बघू," ती म्हणाली.

वर काय होतं? वर लग्नाची वरात होती, फक्त नवरा-नवरी नव्हते. सकाळपासून डीजे. पोहण्याच्या तलावात माणसं अंगभर कपड्यांनिशी उतरलेली आणि त्यांच्यामध्ये वेफर्सचं पाकीट तरंगत होतं. लिफ्टमध्ये कुणाला तरी बोट लागली होती. त्या ओकारीवर नुसते टिश्यू पेपर पसरलेले, आणि लोक ते ओलांडून "टॉप फ्लोअर, टॉप फ्लोअर" करत आत घुसत होते. डेकवरच्या प्रत्येक खुर्चीवर रुमाल. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आपली जुनी विद्या लोकांनी थेट अरबी समुद्रात नेली होती. चार खुर्च्यांवर चार रुमाल आणि राखण करायला एक सासूबाई. मला शिसारी आली. आणि पाचव्या मिनिटाला मी माझी ओढणी एका रिकाम्या खुर्चीवर टाकली.

बुफेबद्दल तर बोलायलाच नको. एकेका ताटात आठ-आठ जिलब्या, त्यातली एक उष्टी करून बाकीच्या तशाच टाकलेल्या. एका बाईनं उकडलेली अंडी पर्समध्ये भरली. मी तिच्याकडे असं बघितलं की तिनं मान खाली घातली. माझ्या पिशवीत तेव्हा नॅपकिनमध्ये गुंडाळलेले चार मफिन होते, संध्याकाळच्या चहाला.

मधला एक अख्खा दिवस बोट खुल्या समुद्रात असणार होती. ताई त्या दिवसासाठीच आली होती. सकाळी साडेसातला आम्ही डेकवर गेलो. कठड्याला एक इंच जागा नव्हती. कुणी फोटो काढतंय, कुणी रील करतंय, एक जण समुद्राकडे पाठ करून शेअरबाजारावर बोलतोय. आमच्या पनवेलकडच्याच एका गावातलं पंधरा-वीस माणसांचं कुटुंब कठडा अडवून उभं होतं. जमिनीचे पैसे आलेले, गळ्यात जाडजूड साखळ्या, बोलणं म्हणजे या शेतातून त्या शेतात हाक मारल्यासारखं. आदल्या दिवसापासून मी त्यांच्या नावानं नाक मुरडत होते.

त्यांच्यातल्या एका चाळिशीच्या बाईनं ताईला बघितलं. ताई मान वाकडी करून, माणसांच्या फटीतून पाणी शोधत होती. काचबिंदूत बाजूची नजर आधी जाते, त्यामुळे तिला तसं बघावं लागायचं.

"ओ मावशी," ती बाई म्हणाली, "हिकडं या. हितं उभ्या ऱ्हावा. आमाला काय, दर्या रोजचाच हाय. तुमी बघा."

आणि तिनं आपल्या नवऱ्याला, दिराला, पोरांना कोपरानं ढकलून बोटीच्या अगदी टोकाची जागा मोकळी करून दिली.

ताई तिथे उभी राहिली. दोन्ही हातांनी कठडा धरून तिनं आधी समोर बघितलं, मग सावकाश मान डावीकडे नेली, मग उजवीकडे. मग चक्क मागे वळली, पण तिकडे माणसांची भिंत होती, म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नजर कमी होती म्हणून ती समुद्र तुकड्यातुकड्यानं बघत होती, आणि एकेक तुकडा बघून झाला की मान हलवत होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी नीट बघितलं नाही. मी घड्याळ बघत होते. नाश्ता साडेनऊला बंद होणार होता.

"ताई, चल. इडली संपेल."

"थांब ना जरा."

"अगं, नंतर ये. समुद्र कुठे पळून जातोय? नाश्ता पॅकेजमध्ये आहे, पैसे भरलेत आपण."

ताईला भूक नव्हती. तसं ती म्हणालीसुद्धा. पण नऊ वर्षं दुसऱ्याच्या वेळा सांभाळलेल्या बाईला हट्ट धरता येत नाही. तिनं कठडा सोडला. त्या गावच्या बाईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बघू दे की त्यांना. इडली काय, पनवेलला भेटत नाय?"

मला तिचा राग आला. माझ्या बहिणीचं काय करायचं ते ही सांगणार!

इडलीच्या रांगेत आम्ही चाळीस मिनिटं उभ्या होतो. परत आलो तेव्हा टोकाची जागा गेली होती आणि डीजे सुरू झाला होता. मग मी तिला जादूच्या प्रयोगाला नेलं, कारण तो पॅकेजमध्ये होता. जेवण पॅकेजमध्ये होतं. तंबोला पॅकेजमध्ये होता. चार वाजताची भजी पॅकेजमध्ये होती. पैसे वसूल करता करता दिवस संपला. संध्याकाळी वर गेलो तर ऊन उतरलं होतं, आणि कमी उजेडात ताईला तसंही दिसत नसे. घरी परतताना मी गाडीत हिशेब मांडला की या किमतीत हे काही वाईट नाही. "छान झालं हो," ताई म्हणाली.

पुढच्या दीड वर्षात ताईचा उजवा डोळा पूर्ण गेला. डाव्यात उजेड तेवढा उरला. दिवस आहे की रात्र, ते कळण्यापुरता. मग मला कंठ फुटला. आता चांगल्यातली चांगली बोट, बाल्कनीची खोली, पैशाकडे बघायचं नाही. एजंटनं फक्त "बरं मॅडम" म्हटलं. ताई हसून म्हणाली, "दात होते तेव्हा चणे नव्हते." पण आली. माझ्यासाठी आली, हे मला तेव्हाही कळत होतं.

सिंगापूरहून निघणारी ती बोट म्हणजे पाण्यावरचं पंचतारांकित हॉटेल. पलंगावर टॉवेलचा हत्ती. पाय ठेवीन तिथे कुणीतरी वाकून हसतंय. पहिल्या दिवशी बरं वाटलं, दुसऱ्या दिवशी ते हसू अंगावर यायला लागलं. जेवण वाढणारा वेटर शेवटच्या दिवशी हळूच म्हणाला की फॉर्मवर दहापैकी दहाच द्या, नऊ दिले तरी वरून बोलणी बसतात. म्हणजे ते हसू आमच्यासाठी नव्हतंच, त्या फॉर्मसाठी होतं. इथे पाण्याच्या बाटलीचेही वेगळे पैसे. आणि हावरटपणा? तोही तोच, फक्त आवाज न करता. चांदीच्या काट्यानं मोठाल्या कोळंबीचा एक तुकडा खाऊन बाकीची ताटं परत जात होती. डेकवरच्या खुर्च्या इथेही पहाटेच अडवलेल्या. रुमालाच्या जागी जाडजूड इंग्रजी पुस्तक उपडं ठेवलेलं, वाचणारा गायब. मला त्या सासूबाई आठवल्या. त्या निदान खुर्चीशेजारी उभ्या तरी होत्या.

एक गोष्ट मात्र कबूल करते. खोली आवरणाऱ्या माणसानं पहिल्याच दिवशी, कुणी न सांगता, ताईचा हात हातात घेऊन तिला सगळी खोली दाखवली. हा नळ, हे दार, हा उंबरा, ही खुर्ची. दोन्ही बोटींवरची खरी सेवा मला विचाराल तर दोनच. एक त्यानं केलेली आणि एक त्या गावच्या बाईनं. त्यातली दुसरी पॅकेजमध्ये नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बाल्कनीत बसलो होतो. नाश्ता खोलीत आला होता. रांग नाही, घड्याळ नाही. ताईच्या हातात चहाचा कप होता आणि तोंड वाऱ्याकडे.

"सांग ना, कसं दिसतंय?" तिनं विचारलं.

मी बघितलं. पाणी होतं, निळं होतं. मी म्हटलं, "त्या वेळेपेक्षा जास्त निळं आहे. स्वच्छ आहे. त्या वेळेसारखी गर्दी नाही." मला दुसरं काही सुचेना. आयुष्यभर मी प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कशाच्या तरी शेजारी ठेवूनच बघितली होती.

ताई म्हणाली, "बाल्कनी म्हणजे एकाच बाजूला ना गं?"

खरंच की. एवढे पैसे ओतून मी तिला पुन्हा एकाच बाजूचा समुद्र घेऊन दिला होता. मी घाईघाईनं म्हटलं, "चल, वर जाऊ. वरून चारही बाजूंनी आहे."

"बस गं," ती म्हणाली. "मी बघितलाय तो. त्या बाईनं जागा दिली होती ना, तेव्हा. तीनच बाजू नीट झाल्या होत्या, चौथी राहिली. पण काय दिसत होता! तीच बोट बरी होती."

तिनं कप चाचपत बशीत ठेवला आणि माझ्याकडे, म्हणजे मी असेन असं तिला वाटलं तिकडे, वळली. तिच्या बोलण्यात कणभरही टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"त्या दिवशीची ती इडली कशी होती गं? मला आठवतच नाही."

मला आठवत होती. कडेनं सुकलेली आणि आत पिठाळ होती. मी माझी अर्धी टाकून दिली होती. ताईनं तिची पूर्ण खाल्ली होती, कारण मी पैसे भरले होते.