मोठ्यानं सांगितलेला पिन

किनाऱ्यावरच्या जिल्हा इस्पितळात फोन लावला की एकतीस वर्षं एकच आवाज कानी पडायचा. तो आवाज टेलिफोनच्या बोर्डावर बसणाऱ्या नोएलीन टॅस्करचा. तिला जन्मापासून दिसत नव्हतं, पण गावातल्या अर्ध्या माणसांना ती आवाजावरून ओळखायची, आणि उरलेल्यांना खोकल्यावरून. बाळंतिणीचा नवरा घाबरून बोलू लागला की त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत ती त्याला प्रसूतीच्या वॉर्डात जोडून द्यायची. डॉक्टरांच्या बायका नवऱ्यांची चौकशी आधी तिच्याकडे करत. लग्न तिनं केलं नाही. एकदा ठरलं होतं, मोडलं, आणि मोडल्याचं तिच्या आईलाच जास्त वाईट वाटलं. निवृत्त झाल्यावरही ती अल्व्हरस्टनमध्ये त्याच घरात एकटी राहायची, चर्चच्या गायकवृंदात खालच्या पट्टीत गायची, आणि दर गुरुवारी पांढरी काठी घेऊन रीबी स्ट्रीटवर बाजाराला जायची. सोबत कुणी आलेलं तिला खपत नसे.

त्या वर्षी नाताळच्या तीन दिवस आधी ती डेस हिग्जच्या मटणाच्या दुकानात उभी होती. सणाचं मटण भावाच्या घरी तीच न्यायची. हॅम, कोकराची तंगडी आणि पोरांसाठी सॉसेज. रांग दाराबाहेर गेलेली. डेसनं पिशव्या भरल्या आणि म्हणाला, "एकशे सत्तेचाळीस डॉलर झाले, नोएलीन. कार्ड लावा."

शंभराच्या वर गेलं की मशीन पिन मागायचं. त्याची तिला फिकीर नव्हती. मशीनवर बोटं ठेवायची, पाचाच्या बटणावरचा बारीक उंचवटा चाचपायचा आणि त्याच्या आसपासचे आकडे दाबायचे. हे ती डोळस माणसांपेक्षा झटपट करायची. पण आज बोटाखाली नुसतीच गुळगुळीत काच लागली. तिनं वरून खाली, डावीकडून उजवीकडे हात फिरवला. मशीननं तक्रार केल्यासारखा एक आवाज काढला.

"डेस, बटणं कुठं गेली रे?"

"नवीन आलंय हे. बँकेनं दिलं. सगळं काचेवरच. थांबा, काहीतरी दाबलं गेलं वाटतं तुमच्या हातून."

"मग मी आकडे दाबू कसे?"

डेस गोंधळला. तो वाईट माणूस नव्हता. फक्त त्याच्या मागे ओव्हनमध्ये घालायचे चाळीस हॅम होते आणि पुढे तीस माणसं. "तुम्ही मला सांगा, मी दाबतो. मी काय पळून जाणार आहे?"

"तुझ्या कानात सांगू? मध्ये हा एवढा काउंटर आहे."

"सांगा हो मोठ्यानं. इथं सगळी आपलीच माणसं."

नोएलीनचा पाय निघेना आणि जीभही उचलेना. पैशाची भीती तिला नव्हती. खात्यात होतं काय, म्हाताऱ्या बाईचं पेन्शन. पण त्या चार आकड्यांत तिचं एक गुपित होतं, आणि ते तिनं कधी स्वतःच्या सख्ख्या भावालाही सांगितलं नव्हतं.

४४१७ हे इस्पितळाच्या लॅबचं एक्स्टेन्शन. तिथं ऑब्री स्टॅनर्ड नावाचा माणूस रक्ताचे रिपोर्ट करायचा. दिवसातून वीसदा ती तो नंबर लावायची. आणि रोज दुपारी सव्वाचारला तो स्वतः बोर्डावर फोन करून घरी लाइन मागायचा. लाइन मिळेपर्यंत दोनतीन मिनिटं जायची, त्यात दोघं बोलायची. आज नदीला भरती किती आली, कुठल्या डॉक्टरचं अक्षर कुणाला लागत नाही, गायकवृंदात कोण बेसूर गातं. बस, इतकंच. तो संसारी माणूस होता आणि बायको मर्नावर जीव असलेला माणूस होता; त्याचा तो घरी लागणारा फोन नोएलीनच तर जोडून द्यायची. पण पहिलं कार्ड हातात आलं आणि बँकेतल्या बाईनं विसरणार नाही असे चार आकडे निवडायला सांगितले, तेव्हा तिच्या बोटांनी आपणहून ४४१७ दाबलं होतं. त्यानंतर ते तिनं कधी बदललं नाही.

रांगेत मागे कुणीतरी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. कुणी घड्याळाचा पट्टा चाळवला. तीस माणसं आपल्यासाठी खोळंबली आहेत हे तिला पाठीवर जाणवत होतं.

"चार," ती म्हणाली. "चार. एक. सात."

मशीन खूश होऊन वाजलं. आणि त्याच क्षणी तिच्या मागे, दोन माणसं सोडून, कुणीतरी घसा खाकरला. आधी एक लांब, मग दोन आखूड. एकतीस वर्षं सव्वाचारला तिनं तो घसा ऐकला होता.

तिनं पिशव्या उचलल्या, काठी दाराच्या चौकटीवर आपटली, आणि ती बाहेर पडली. हॅम तेवढा काउंटरवरच राहिला. तो संध्याकाळी डेसच्या बायकोनं घरी आणून दिला.

नाताळ कसाबसा पार पडला. भावजयीनं दोनदा विचारलं, "बरं वाटत नाही का गं तुला?" नोएलीननं बटाटे जास्त झाल्याचं कारण पुढे केलं.

नवं वर्ष लागलं त्या आठवड्यात ती बँकेत गेली. तिथल्या जुन्या मशीनला अजून बटणं होती. तिनं पिन बदलला. नवा आकडा कोणता, ते तिनं कुणालाच सांगितलं नाही, म्हणून इथंही तो नाही. जुना पुसून टाकताना आपल्याला रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. उलट सगळ्या जगाचा राग आला, आणि तो राग घेऊन ती घरी आली.

डेसला चूक उमगली होती. दुसऱ्या गुरुवारी ती आली नाही तेव्हा तो स्वतः दारात हजर झाला, हातात मटणाचं पुडकं.

"यापुढे मीच घरी पोचवत जाईन, नोएलीन. तुम्हाला त्रास नको. पैसे जमतील तसे द्या."

"मला मटण घरी नकोय रे, डेस. मला दुकानात यायचंय."

"मग या की! पिन काय, मी कुणाला सांगतोय होय?"

"तू सांगशील म्हणून नाही. तो मला तुलाही सांगायचा नाहीये. तू मघाशी बाहेर गाडी लावून आलास, तिचं कुलूप तू लावलंस ना? का? ही तर सगळी आपलीच माणसं."

डेसनं खिशातली किल्ली चाचपली. पुडकं मात्र त्यानं ठेवून घ्यायला लावलं.

दर मंगळवारी वाचनालयात मेले नावाची एक तरुण बाई यायची. ती मूळची टोंगाची. दिसत नसलेल्यांना, कमी दिसणाऱ्यांना मोबाइल शिकवणं हे तिचं काम. नोएलीन आजवर त्या वर्गाची टर उडवत आली होती. फोन कसा वापरायचा हे मला शिकवणार, मला? पण फेब्रुवारीत ती निमूटपणे जाऊन बसली.

"ही पण काचच आहे की गं," तिनं मेलेनं दिलेला फोन उलटासुलटा करून पाहिला. "एका काचेनं माझी शोभा केली, आता दुसरी कशाला?"

"ही काच बोलते, ताई. त्या काचेला तोंड नाही. बोट नुसतं फिरवा, दाबू नका. काय म्हणते ऐका."

नोएलीननं बोट फिरवलं. कानात खोचलेल्या इअरफोनच्या बोंडातून एक बाई घाईघाईनं बडबडू लागली. घड्याळ, संदेश, हवामान. नोएलीन ऐकत राहिली आणि मग फणकारली, "हिला कुणी बोर्डावर ठेवलं नसतं. श्वास तरी घे म्हणावं."

मेले पोट धरून हसली. मग तिनं एकेक पायरी दाखवली. बँकेचं कार्ड फोनमध्ये कसं नोंदवायचं. दुकानात मशीनच्या जवळ फोन नुसता धरायचा, काचेला हात लावायचाच नाही. अंगठा आपल्याच फोनवर टेकवायचा. पिनची जागा अंगठा घेतो. आणि पैसे गेले की फोन किती गेले ते कानात सांगतो. नोएलीनला शेवटचं सगळ्यात आवडलं. इतकी वर्षं दुकानदार सांगेल तो आकडा खरा मानून चालावं लागे.

ती एकच एक पायरी पंचवीसदा गिरवत बसली असताना दार उघडलं, कुणीतरी बिचकत आत आलं, आणि घसा खाकरला. एक लांब, दोन आखूड.

पळावं असं तिच्या मनात आलं. पण काठी मेलेनं कोपऱ्यात ठेवली होती.

"नमस्कार, मिस्टर स्टॅनर्ड," ती म्हणाली. बोर्डावर म्हणायची तशी.

मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "तुम्ही अजून ओळखता तर."

"तुम्ही इथं कसे?"

"डोळ्यांच्या मधोमध डाग पडलाय. कडेकडेचं दिसतं, समोरचं जातं. माणसाकडे पाहिलं की त्याचे कान दिसतात, नाक नाही." त्यानं टोपी टेबलावर ठेवली. "मर्नाला जाऊन चार वर्षं झाली. ती होती तोवर भागत होतं."

"मर्ना गेल्याचं कळलं होतं. मी पत्र पाठवलं होतं."

"मिळालं. माझ्या मुलीनं वाचून दाखवलं."

मेले दुसऱ्या टेबलाकडे गेली. ऑब्री खुर्ची जवळ घेऊन हळू आवाजात म्हणाला, "त्या दिवशी मी हिग्जच्या दुकानात होतो."

"माहीत आहे."

"मी रांग सोडून निघून गेलो. घरी हॅम नाही, काही नाही. नाताळला टोस्ट खाल्ला. त्या काचेवरचे आकडे मलाही दिसणार नव्हते. थोड्या वेळात माझीही पाळी येणार, मलाही असंच ओरडून सांगावं लागणार, या विचारानं मी दाराकडे सरकायला लागलो होतो." त्यानं पुन्हा घसा खाकरला. "आणि मग तुम्ही ते आकडे सांगितलेत."

नोएलीननं फोन टेबलावर ठेवला. नाकारता आलं असतं. योगायोग आहे म्हणता आलं असतं; दहा हजारांतला एक आकडा कुणाचाही असू शकतो. पण एकतीस वर्षांत ती त्याच्याशी एकदाही खोटं बोलली नव्हती, आणि या वयात सुरुवात करायची तिला इच्छा नव्हती.

"तुमचंच एक्स्टेन्शन होतं ते," ती म्हणाली. "विसरणार नाही असा नंबर हवा होता. मागणं काही नव्हतं त्यात, मिस्टर स्टॅनर्ड. तेव्हाही नव्हतं, आत्ताही नाही. आता तो बदललाय मी."

"बदललात?" त्याच्या आवाजात जे उतरलं ते तिच्या कानांतून सुटणं शक्यच नव्हतं. "बरोबर आहे. बदलायलाच हवा होता." मग टेबलाची कड बोटानं गिरवत, "मी निवृत्त झालो तेव्हा सव्वाचारला काय करावं कळेना मला. मर्ना म्हणायची, तुला चहा नकोय, तुला ती बोर्डावरची बाई हवीय. चिडून नाही हं, हसून म्हणायची."

बोर्डावर असती तर नोएलीननं सरळ दुसरी लाइन घेतली असती. इथं ती म्हणाली, "तो फोन इकडे घ्या. बोट असं सपाट नको, जरा उचलून. तुम्ही सूक्ष्मदर्शक चालवायचात ना? मग इतकं राकट काय?"

मार्च सगळा असाच गेला. मंगळवारी वर्ग, गुरुवारी तिच्या स्वयंपाकघरात सराव. ऑब्री हुशार होता पण अधीर. फोननं दोनदा ऐकलं नाही की तो त्याला लॅबमधल्या शिकाऊ पोरांसारखा झापायचा. नोएलीन त्याच्या मनगटावर टिचकी मारायची. कधीतरी मध्येच 'मिस्टर स्टॅनर्ड'चं ऑब्री झालं, आणि 'तुम्ही' कुठं गळालं ते दोघांनाही आठवेना.

ईस्टरच्या आदल्या गुरुवारी दोघं हिग्जच्या दुकानात शिरली. रांग होती. डेसनं तिला पाहिलं आणि चाकू खाली ठेवला.

"नोएलीन! पिन नकोय मला, आधीच सांगतो."

"मी देणारही नाहीये. एक मोठी तंगडी दे, हाडासकट. आणि दोन किलो सॉसेज. आणि बेकन."

एकशे बारा झाले. तिनं पर्समधून फोन काढला, डेसनं मशीन पुढे सरकवलं, तिनं हात लांबवून फोन त्याच्या अंगाशी नेला आणि अंगठा टेकवला. मशीन वाजलं. कानातली बाई घाईघाईनं बोलली. नोएलीननं मान वाकडी करून ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"डेस, एकशे एकवीस गेले."

"छे! एकशे बारा." त्यानं काचेवर वाकून पाहिलं, आणि त्याचा आवाज पडला. "अरेच्चा. आकडे उलटे दाबले मी. परत देतो, लगेच देतो."

"म्हणजे ही काच डोळस माणसालाही जमत नाही तर?"

रांग खदखदून हसली, डेससुद्धा. नऊ डॉलर परत आले, वर एक हाड सूपासाठी फुकट. नोएलीन बाजूला झाली. तिला इतकं मोठं झाल्यासारखं वाटत होतं की हातातली काठीही आखूड वाटावी.

ऑब्रीचं मात्र पहिल्या खेपेला फसलं. फोन उलटा धरला होता. दुसऱ्या खेपेला अंगठा ओला. डेसनं मशीन धरूनच ठेवलं आणि मागे कुणी कुरकुर करायच्या आत म्हणाला, "सावकाश, मिस्टर स्टॅनर्ड. कोकरू काही उठून जात नाही." तिसऱ्या खेपेला जमलं. ऑब्रीनं कानात बोंडं घातलीच नव्हती, त्यामुळे कोकराच्या मूत्रपिंडांचे एकतीस डॉलर चाळीस सेंट गेल्याचं त्याच्या फोननं अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल असं जाहीर केलं.

"मूत्रपिंडं?" नोएलीन बाहेर आल्यावर म्हणाली. "एकतीस डॉलरची? एकटा माणूस तू."

"स्वस्त असतील असं वाटलं. पाटी दिसली नाही."

"विचारायचं होतंस."

"लाज वाटली."

तिनं त्याच्या दंडात हात घातला. रस्ता ओलांडायला तिला आधाराची गरज नव्हती, आणि कडेकडेचं दिसत असल्यामुळे त्यालाही नव्हती.

ईस्टरच्या रविवारी ती त्याला भावाच्या घरी जेवायला घेऊन गेली. ते घर डोंगराच्या बाजूला, बटाट्याच्या शेतांत. भावजयीनं त्याला टेबलाच्या टोकाला बसवलं, ताट वाढलं, आणि इतका वेळ दाबून धरलेला प्रश्न विचारला, "तुमची दोघांची ओळख कशी म्हणायची?"

"फोनवरची," ऑब्री म्हणाला आणि त्यानं आणखी बटाटे मागितले.