खिडकीतला कप

ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीत आलो, तेव्हा मी स्वतःला फार पुढारलेला समजत असे. पुरावा काय, तर शेजारच्या कृष्णवर्णीय आजोबांना मी दर रविवारी चहाला बोलवायचो. महायुद्धात ते सैन्यात होते. एका रविवारी त्यांनी सांगितलं, की छावणीत गोऱ्यांची खानावळ वेगळी आणि यांची वेगळी असे. हे बंद करा म्हणून त्यांनी अर्जावर सह्या गोळा केल्या, तर त्यांचाच हुद्दा काढून घेतला.

मी हादरलोच. "मरायचं एकाच देशासाठी आणि ताटं वेगळी?" असं म्हणून मी माणुसकीवर छोटंसं भाषणही ठोकलं. शेवटी बायको म्हणाली, "अहो, चहा निवतोय त्यांचा."

आजोबांनी शांतपणे चहा संपवला. मग उठून आपला कप स्वतःच धुतला आणि आमच्या कपांच्या फळीवर न ठेवता सिंकवरच्या खिडकीत उपडा घातला. त्याची जागा तीच होती. ते मांस खातात म्हणून पहिल्याच आठवड्यात तो कप मीच निराळा काढला होता, आणि त्यांना हे कधी कळलं नाही अशी माझी समजूत होती.



"मला सवय आहे," ते म्हणाले. "पुढच्या रविवारी येऊ ना?"

त्या रविवारी मी माझा कप त्यांच्यापुढे केला. स्वतःसाठी चहा मी खिडकीतल्या कपात ओतला.